देवी मास्तरांच्या कामात आहे

किस्से कोणी गोळा करीत नाही, ते साठतात. शाळेच्या फळ्याखाली खडूची पूड साठते, तसे. रोज झाडावे, तरी चार दिवसांनी बोट फिरवले की पांढरे. मी विनोदी माणूस नाही. सकाळी पूजा, दिवसा शाळा, सायंकाळी स्तोत्र, एवढ्यावर माझे भागते. तरी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एकदोन वर्षांत वैशाखरे गावच्या शाळेच्या ओट्यावर जे घडले ते सांगू लागलो की ऐकणारे हसतात. मी हसवीत नाही. घडले तसे सांगतो, आणि दुर्दैवाने ते तसेच घडले.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मूळचा सापगावचा, व्हर्नाक्युलर फायनल पास, लोकल बोर्डाच्या शाळेत हंगामी मास्तर. शाळेच्याच एका कोपऱ्यात पोस्ट होते, त्याचाही मास्तर मीच. आठवड्यातून दोनदा डाकवाला गोविंदा मुरबाडहून थैली घेऊन येई. थैली उघडायच्या वेळी गावदेवीच्या देवळातून दगडू गुरव येई, आणि गावातले सर्वांत वृद्ध गृहस्थ काळूराम पाटील काठी टेकीत येत. या दोघांना कधीही कोणाचे पत्र येत नसे. आले नाही, याची खात्री करून घेण्यासाठी ते येत.

ही आमची मंडळी. एवढीच.

*

त्या वर्षी पाडव्याला मी एक फुलस्केप कागद घेतला आणि त्यावर आपल्या आयुष्याचा आराखडा लिहिला. ज्याला परमेश्वराने बुद्धी दिली आहे त्याने वाऱ्यावर जगू नये, असे माझे मत होते. बाविसाव्या वर्षी नोकरी कायम. तेविसाव्या वर्षी विवाह. अठ्ठाविसाव्या वर्षी ट्रेनिंग. पस्तिसाव्या वर्षी शहापूरला हेडमास्तर. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि काशीयात्रा. साठीच्या पुढे नामस्मरण.

कागद मी पोस्टाच्या भिंतीवर लावला. गोविंदाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि बराच वेळ डोके खाजवले.

"सगळं बेस हाय, मास्तर. पन आजारी कवा पडायचं, ते कुठं लिवलं नाय."

प्रश्न योग्य होता. मी एकतिसावे वर्ष मोकळे ठेवले.

दगडू गुरवाची हरकत निराळी होती. मीच सगळे लिहून टाकल्यावर देवीला काय काम उरले, असे त्याने विचारले. योजना माणसाने करावी आणि मंजुरी देवाने द्यावी, असे मी सांगितले. मग कागद न दाखवता ती मंजुरी कशी देईल, म्हणून तो आराखडा भिंतीवरून काढून देवळात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आणला तेव्हा पस्तिसाव्या वर्षावर कुंकवाचा अंगठा उठला होता. देवीने हेडमास्तरकी मंजूर केली, असे त्याचे म्हणणे. अंगठा दगडूचा होता.

मग काळूराम पाटलांनाही एक आराखडा हवा झाला. त्यांना चार मुलगे होते. मी विचारले, कोणत्या मुलाचा लिहू?

"पोरांचा नको. पोरं काय करतील ते त्यांनाच ठाव नाय. आमच्या ढवळ्याचा लिवा. त्या बैलाची मला खात्री हाय."

मी लिहून दिला. दोन वर्षे नांगर, चार वर्षे गाडी, नंतर विश्रांती. तो आराखडा पुढे शब्दशः खरा ठरला. माझ्या ओळखीत असा दुसरा कोणताही नाही.

*

तेविसाव्या वर्षाची तयारी म्हणून मी शेणव्याला हरिभाऊंच्या घरी गेलो. घर भातशेतीचे, नेटके, मुलगी एकच. हरिभाऊंनी माझे घराणे विचारले, वय विचारले, नोकरी विचारली. नोकरीपाशी ते थांबले.

"हंगामी मानसाला कायमची पोरगी कशी देऊ, मास्तर? बोर्डाचा कागद आना, मग हळद दळू."

किती दिवस थांबाल, असे मी विचारले. पुढच्या अक्षयतृतीयेपर्यंत, म्हणाले; त्यापुढे दुसरे स्थळ पाहणे भाग आहे.

एवढ्यात मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो माझ्यापुढे ठेवला, आणि आत जाता जाता आईला विचारले ते मला स्वच्छ ऐकू आले.

"ह्येच का गो ते, ज्यांचं एकतिसावं रिकामं हाय?"

गोविंदाच्या पायांहून त्याची जीभ दूर जाते, हे मला त्या दिवशी कळले. परंतु मी नाराज झालो नाही. ती हसली नव्हती. तिने चौकशी केली होती. बोर्डाचा कागद मिळवायचा, हे मी तिथेच ठरवले.

*

कागद मिळण्याचा मार्ग एकच होता. तालुक्यातून बोर्डावर निवडून जाणारा सभासद ज्याची शिफारस करी, तो मास्तर कायम होई. त्या जागेची निवडणूक माघात येऊन ठेपली.

तिघे उभे राहिले. एक भातगिरणीचे मालक. त्यांना सगळे शेठ म्हणत. दुसरे कल्याणच्या कोर्टात काम चालवणारे वकील. तिसरे एक निवृत्त कंपाउंडर, गोरगरिबांना फुकट औषध देणारे. वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रत्येक उमेदवाराला एका रंगाची पेटी मिळाली होती. मतदाराने पडद्याआड जायचे आणि आपला कागद हव्या त्या रंगाच्या पेटीत टाकायचा. शेठना पिवळी मिळाली, वकिलांना लाल, कंपाउंडरांना पांढरी.

दुसऱ्याच दिवशी शेठ कपाळभर भंडारा लावून फिरू लागले. पिवळा रंग खंडोबाचा. पिवळीत न टाकणाऱ्याने खंडोबाला तोंड कसे दाखवायचे ते पाहून घ्यावे, असे ते सांगत. वकिलांनी आदल्या वर्षी आमच्याच ओट्यावर 'धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब' या विषयावर व्याख्यान दिले होते. ते ठसठशीत कुंकू लावून आले. लाल रंग देवीचा.

कंपाउंडरांनी देवाला मध्ये घातले नाही. लोकांनी त्यांच्याकडून औषध घेतले आणि हळू आवाजात त्यांची समजूत घातली.

"भाऊ, मानूस तुमी देवासारकं. पन पांढऱ्यात मत कोन टाकल? घरात सवाशिनी हायेत."

त्यांनी अर्ज मागे घेतला.

पेट्या ओळखीच्या व्हाव्यात म्हणून दोन्ही उमेदवार नमुन्याच्या पेट्या गावोगाव फिरवू लागले. लोक त्यांना हळदकुंकू वाहू लागले, पुढे नारळ ठेवू लागले. घाटाखालच्या एका पाड्यावरून वकिलांना आपली पेटी परत मिळाली नाही. ती मागायला माणूस गेला, तेव्हा तिची स्थापना झाली होती.

माझे मत तेव्हा होते तेच आजही आहे. देवासमोर हात जोडून जावे. देवाला हाताशी धरून लोकांसमोर जाऊ नये. हे मी ओट्यावर बोलून दाखवले. गोविंदा म्हणाला, फार चांगले वाक्य आहे, पण त्याची पेटी कोणत्या रंगाची?

*

आमच्या गावदेवीला कौल लावतात. शेंदूर माखलेला पाषाण आहे. त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे आणि थांबायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणीपासून सोयरिकीपर्यंत गावाचे कोणतेही मोठे काम कौलावाचून होत नाही. देवीपुढे मीही नतमस्तक होत असे.

एका मंगळवारी शेठ आले. मी निवडून येईन का, असे त्यांनी विचारले. उजवी पडली. शेठनी सनई लावली.

पुढच्या मंगळवारी वकील आले. तोच प्रश्न विचारला. उजवी पडली. वकिलांनी दोन सनया लावल्या.

डाकेच्या दिवशी गोविंदाने दगडूला धरले. देवी एक, बोर्डाची जागा एक, आणि होकार दोन कसे?

दगडू शांतपणे सुपारी कातरत होता. "शेठनं इचारलं, मी येईन का. वकिलानं इचारलं, मी येईन का. दुसरा पडल का, ह्ये कोनी इचारलंच नाय. न इचारलेलं देवी सांगत नाय."

काळूराम पाटलांनी मान डोलावली. "बरोबर हाय. तिला चुगलीची सवय नाय."

*

दोन्ही उमेदवारांना आता हँडबिल काढायचे होते, देवीने आपल्याला कौल दिला म्हणून. खाली साक्षीदाराची सही हवी होती. साक्षीदार शिकलेला हवा, देव मानणारा हवा, आणि खोटे बोलत नाही अशी ज्याची ख्याती आहे असा हवा. पंचक्रोशीत असा माणूस एकच होता, आणि तो हंगामी होता.

सकाळी शेठ आले. सही करा, निवडून आलो की पहिली शिफारस तुमची, असे म्हणाले. दुपारी वकील आले आणि तेच म्हणाले, फक्त शुद्ध भाषेत.

सही खोटी झाली नसती. दोन्ही कौल मी डोळ्यांनी पाहिले होते. अडचण नेमकी तीच होती. खोट्याला नकार देणे सोपे असते. इथे खरेच विकत मागितले जात होते.

गोविंदाला यात अडचण दिसेना. "दोघांनाबी द्या की सही. देवीनं दोघांना दिली. तुमी काय तिच्याहून सोवळे?"

आराखड्यातले बाविसावे वर्ष संपायला दोन महिने उरले होते आणि शेणवा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी डळमळलो, हे कबूल करतो. जे आपल्या सदसद्विवेकाने ठरवायचे ते देवीवर ढकलू नये, असे मी मुलांना शिकवीत असे. मंगळवारी स्नान करून मी देवळात गेलो, दोन पाकळ्या लावायला सांगितल्या आणि मनातल्या मनात एकच विचारले: सही करू का?

आदल्याच दिवशी शेठनी देवीला नवा शेंदूर चढवला होता. तेलाला हात सढळ सोडला होता; पाषाण अजून चिकट होता.

अर्धा तास झाला. एकही पाकळी पडली नाही. शाळेची वेळ झाली म्हणून मी जाऊन पाढे घेतले आणि परत आलो. पाकळ्या जागच्या जागी. दगडूने मला बाजूला घेतले आणि सांगितले, देवी विचार करते आहे, उतावीळ होऊ नये.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या सुकल्या, पण होत्या. तिसऱ्या दिवशीही होत्या.

*

कौल लावलेला असताना देवीला स्नान घालीत नाहीत आणि दुसऱ्या कोणाचे गाऱ्हाणे घेत नाहीत. ही रीत जुनी आहे. मला तिचा विसर पडला होता.

शेठना प्रचार कोणत्या दिशेने सुरू करावा याचा कौल हवा होता. ते नारळ घेऊन आले. वकिलांना शेठच्या प्रश्नावर उलटप्रश्न विचारायचा होता. ते दोन नारळ घेऊन आले. दगडू देवळाच्या दारात आडवा बसला होता.

"देवी मास्तरांच्या कामात हाय."

दोघेही तडक माझ्याकडे आले. दोघे एकत्र आलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले. वकिलांनी सांगितले की मी प्रश्न मागे घ्यावा. कोर्टात अर्ज मागे घेता येतो. मी त्यांना दगडूकडे नेले. दगडूने ऐकून घेतले.

"मग कोर्टात जावा, साहेब. हितं इचारलेलं परत गिळता येत नाय."

गावाने मात्र निराळाच अर्थ लावला. मास्तरांनी देवीला विचारले आहे की मत कोणाला द्यायचे, अशी बोलवा उठली. मी घरोघर जाऊन सांगितले की माझा प्रश्न खासगी आहे. काळूराम पाटील माझ्याकडे सहानुभूतीने पाहत राहिले.

"खाजगी सवालाला ती एवढा येळ लावत नाय, मास्तर."

मी कोणाच्याही हँडबिलावर सही केली नाही. याचे श्रेय मी घेत नाही. उत्तर आले नव्हते, एवढेच.

मतदानाच्या आदल्या डाकेला मला हरिभाऊंचे कार्ड आले. डोळखांबकडचे एक स्थळ मुलगी पाहून गेले आहे. मुलगा रेल्वेत आहे, कायम आहे. तरी आपला कागद झाला असल्यास त्वरित कळवावे. कार्ड कोणाकडून तरी लिहवून घेतले होते. खाली एका कोपऱ्यात निराळ्या, कच्च्या अक्षरात एकच ओळ होती: 'लवकर कळवावे.'

*

आता शेवटचे सांगतो.

मतदान शाळेतच होते. पोलिंग ऑफिसर म्हणून कल्याणचे एक कारकून आले होते, नियमांचे पुस्तक छातीशी धरून. मला त्यांच्या मदतीला दिले होते. वर्गाच्या कोपऱ्यात पडदा, पडद्याआड बाकावर पिवळी आणि लाल अशा दोन पेट्या. बाहेर रांग पिंपळापर्यंत गेली होती. बाकी तालुक्यात दोघे बरोबरीचे होते, आणि आजूबाजूच्या सर्व पाड्यांचे मतदान इथेच असल्याने वैशाखऱ्याची रांग जिकडे वळेल तिकडे जागा जाणार, हे शेठनाही माहीत होते आणि वकिलांनाही. दोघे ओट्यावर दाराच्या दोन बाजूंना उभे होते.

गावात पहिले काम नेहमी काळूराम पाटलांच्या हातून होते. ते कागद आणि खांद्यावरची पिशवी घेऊन पडद्याआड गेले.

पाव तास झाला. अर्धा तास झाला. ऑफिसरांनी हाक मारली.

आतून पाटलांचा आवाज आला. "थांबा. अजून पडली नाय."

रांगेला तत्काळ समजले. रांग खाली बसली. ऑफिसरांना समजले नाही. काय पडायचे आहे, असे त्यांनी मला विचारले. मी कौलाची रीत सांगितली. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. त्यात पाकळ्यांविषयी काहीही नव्हते. मतदार आत असताना स्वतः डोकवावे तर गुप्ततेचा भंग, आणि न डोकवावे तर मतदान बंद. शेवटी त्यांनी लेखी हुकूम काढला की मास्तरांनी आत जाऊन मतदारास समजवावे, परंतु डोळे मिटून जावे.

मी दारापाशी त्या हुकमावर सही करायला थांबलो, तेव्हा शेठ कानाशी वाकले. पिवळीवरची पाकळी, एक फुंकर, उद्या सकाळी शिफारस. मी वळलो तर दुसऱ्या कानाशी वकील होते. लालवरची, शिफारस ते आजच लिहून देत होते.

मी डोळे मिटून आत गेलो. बाकाला पाय लागला म्हणून उघडले.

दोन्ही पेट्यांना कुंकू लावलेले होते. पुढे नारळ होता. प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवलेली होती. काळूराम पाटील जमिनीवर मांडी घालून, मताचा कागद जोडलेल्या हातांत धरून बसले होते. जिची आधी पडेल तिच्यात ते कागद टाकणार होते, आणि त्यांच्यामागून सारी रांग.

हे काय मांडले आहे, असे मी हळूच विचारले.

"देवी तुमच्या कामात हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "म्हनून हितंच इचारायला बसलो. बसा."

त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो. मग मला दिसले की पिवळ्या पेटीवरची पाकळी एका कडेने सुटली होती आणि हलत होती. ती माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. बोर्डाचा कागद, तेविसावे वर्ष, कच्च्या अक्षरातली ती एक ओळ, सगळे वीतभर अंतरावर होते. पडद्याआड आम्ही दोघेच होतो आणि पाटलांचे डोळे मिटलेले होते.

डोळे न उघडता ते म्हणाले, "मास्तर, दम जरा हळू घ्या. पडल."

मी श्वास रोखला.

बाहेरून ऑफिसर विचारीत होते, "मास्तर, आत काय चालले आहे?"

उत्तर द्यायला श्वास सोडावा लागला असता.